मागच्या खोलीत सुनंदा

परवा दुपारी बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधली नवी सून दारात उभी होती, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला. "काकू, शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे. तुम्ही पण यायचं हं. आम्ही ते बाकीचं काही मानत नाही," असं एका दमात म्हणाली. बाकीचं म्हणजे माझं कपाळ. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीत मला अशी बोलावणी येतात, थोडी दबकत आणि थोडी अभिमानानं. मुली चांगल्या आहेत. मी "बघते गं" म्हणाले आणि दार लावून घेतलं. काकूंना भरून आलं, असं तिला वाटलं असणार. भरून वगैरे काही आलं नव्हतं. मला लाज वाटली होती, आणि ती तिच्या बोलावण्यापेक्षा पुष्कळ जुनी होती.

संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस आमच्या सांगलीत फार देखणे. सकाळी अंगणात धुकं, दुपारी पाठ भाजेल असं ऊन, आणि दिवसभर हवेत मळीचा तो गोडसर आंबूस वास. परगावचा पाहुणा नाक धरतो, आम्हाला तो वास आला नाही तर चुकल्यासारखं होतं. साखर कारखान्याच्या धुराड्यातून उडालेली काजळी दोरीवरच्या कपड्यांवर बसायची. ती पुसायची नाही, फुंकायची, हे इथल्या पोरीबाळींना कुणी शिकवावं लागत नाही. उसाच्या बैलगाड्या शाळेवरून जायच्या, मुली मागून कांडी ओढायच्या, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या वह्या चिकट असायच्या. संध्याकाळी मी काठापदराची साडी नेसून बाहेर पडायचे. एका दमात चार-पाच घरं. हरभऱ्याचे घाटे, बोरं, तिळाची वडी, मनगटाला अत्तर, आणि पर्समध्ये खुळखुळणारं वाण: वाटी, गाळणं, साबणदाणी. मला हे दिवस मनापासून आवडायचे. हे आधीच कबूल केलेलं बरं.

नव्वदचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि बऱ्यापैकी शिकवायचे. फक्त प्रजननाचा धडा आला की पुस्तक मिटून म्हणायचे, "हा घरी वाचा, सोपा आहे." मुली माना खाली घालून खुसखुसायच्या, मी उगाच फळा पुसायचे, आणि पुढच्या तासाला विद्युतधारा सुरू. आमच्या शाळेतच नव्हे, मला माहीत असलेल्या सगळ्याच शाळांतून असं चालायचं. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. उलट आपण प्रसंग कसा नीट निभावून नेला, याचं थोडं समाधानच असायचं.

आणि त्याच वर्षांत हायवेच्या दोन्ही अंगांच्या गावांतून तरणीताठी माणसं वाळत चालली होती. गावात त्या रोगाला नाव नव्हतं. "त्याला ते झालंय," एवढंच, आणि तेही आवाज उतरवून. डॉक्टर कागदावर टीबी लिहायचे. वर्तमानपत्रात एड्स हा शब्द यायचा, पण तो वाचताना कुठल्या तरी लांबच्या शहराची गोष्ट वाटायची. मी तर विज्ञानाची बाई, मला तो विषाणू कसा दिसतो हेसुद्धा पाठ होतं. तो कसा पसरतो हे मात्र चारचौघांत कधी तोंडातून काढलं नव्हतं.

अशात एक दिवस कमलताई शाळेत आल्या. त्या साताऱ्याच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढून निवृत्त झालेल्या, आणि घरी बसवेना म्हणून दोन खोल्यांत एक संस्था काढून बसलेल्या. त्यांचं मागणं दोन ओळींत मावेल एवढं होतं. हा रोग रोखायला राज्य सरकारनं वेगळा पैसा द्यावा आणि तो मुंबईत न अडकता जिल्ह्यापर्यंत यावा, म्हणजे तपासण्या होतील, नर्सना शिकवता येईल, ढाब्याढाब्यावर निरोध ठेवता येतील. आणि दुसरं, नववी-दहावीच्या मुलामुलींना वर्गात, तोंड उघडून, शरीराचं शिक्षण मिळावं. या दोन ओळींसाठी ती बाई महिन्यातून दोनदा पहाटेची एसटी धरून मंत्रालयात जायची, कुणा साहेबाच्या दाराबाहेर बाकावर बसायची आणि पुढची तारीख घेऊन परत यायची. एका साहेबानं त्यांना विचारलं होतं, ताई, तुमचं वय काय आणि तुम्ही बोलता काय. हे त्या हसत सांगायच्या. मला मात्र त्या साहेबाची बाजू मनातल्या मनात पटली होती.

त्यांच्याबरोबर एक सडपातळ मुलगी होती. तिनं वाकून नमस्कार केला. "ओळखलं का बाई? दहावी ब. सुनंदा." अक्षर सुंदर, गणितात कच्ची, तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची. दहावी झाल्या झाल्या लग्न होऊन सातारा तालुक्यात गेली होती. नवरा शिरवळला एका कंपनीत लेथवर, तिथंच खोली करून राहायचा, पंधरा दिवसांनी गावी यायचा. तो दीड वर्षात वाळत गेला आणि गेला. मग हिचं रक्त तपासलं. हे सगळं तिनं स्टाफरूममध्ये, हातातल्या चहाकडे बघत, हजेरी दिल्यासारखं सांगितलं. शेवटी म्हणाली, "बाई, तुम्ही तो धडा घरी वाचायला सांगितलेला, मी वाचला होता. सगळं फुलाचंच होतं. परागकण. माणसाचं शेवटी चार ओळींत." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ती नुसती माहिती देत होती. आणि मी, देवाशप्पथ, हसले.

तिला स्वतःसाठी काही नको होतं. तिची धाकटी बहीण वैशाली त्या वर्षी माझ्याच नववीच्या वर्गात होती. दहावी झाली की तिलाही दाखवायला सुरुवात होणार, हे ठरलेलं. "त्याच्या आत तिला कुणीतरी सांगायला पाहिजे बाई. सगळ्याच पोरींना सांगायला पाहिजे," सुनंदा म्हणाली. मी म्हटलं, तूच सांग की, तू बहीण आहेस. तर म्हणाली, "माहेरी मला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. आणि मी सांगितलं तर ती मला बघून नुसती घाबरंल. तुम्ही सांगितलं तर शिकंल." मी बेल झाली म्हणून उठले.

पण त्या थंडीत मी त्यांच्यात सामील झाले, हे खरं. शनिवारी दुपारी शाळा सुटली की इस्लामपूर, कऱ्हाड करत साताऱ्याला जायचं, माहेरी उतरायचं आणि कमलताईंच्या दोन खोल्यांत बसून सरकारला पत्रं लिहायची. माझं शुद्धलेखन चांगलं, म्हणून मसुदे माझ्याकडे. सुनंदा पत्रांच्या प्रती काढायची. तिचे सासरे तात्या, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, गावोगावच्या सरपंचांच्या सह्या आणायचे. सासू केव्हाच गेलेली, मुलगाही गेला, घरात ही दोघंच. तिला घराबाहेर काढ म्हणून भावकीनं तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी म्हणे भावकीलाच दार दाखवलं. एकदा माझा मसुदा ऐकता ऐकता ते म्हणाले, "आवं बाई, आमच्या पलटणीत डाक्टरसाब फळ्यावर चित्र काढून सांगायचं. समदे जवान एका लाईनीत बसून ऐकायचे. लाज न्हाई आन् काय न्हाई. मग शाळंत सांगायला काय हुतंय?" मी म्हटलं, तात्या, ती पलटण होती, या मुली आहेत. ते म्हणाले, "व्हय. पन मेला त्यो जवान न्हवता, माजा पोरगा हुता. त्याला कुनी सांगितलंच न्हाई. मी बी न्हाई सांगितलं." मग बराच वेळ ते पत्रांच्या घड्या घालत बसले.

जानेवारीत कळलं की आमदारांची एक समिती जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरते आहे आणि संक्रांतीनंतरच्या आठवड्यात साताऱ्याला येणार आहे. आरोग्याचा पैसा आणि शाळेचा अभ्यासक्रम, दोन्ही विषयांवर ती सरकारला शिफारस करणार. समितीच्या प्रमुख एक आमदारबाई. विश्रामगृहावर निवेदनं घेणार, पण तिथे सगळा पुरुषांचा गराडा, अधिकारी, वार्ताहर. सुनंदासारखी तिथे तोंड उघडणार कशी? तेव्हा मला ती कल्पना सुचली. दिवस हळदीकुंकवाचे. माझ्या वहिनीचं हळदीकुंकू त्याच आठवड्यात, राजवाड्याजवळच्या घरी. आमदारबाईंना तिथे बोलवायचं. हळदीकुंकवाला घरातले पुरुष आपणहून बाहेर जातात, दार लोटलेलं असतं, बायका बायकांशी बोलतात. सुनंदा आपलं सगळं सांगेल, बाई ऐकतील. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी त्या रात्री ह्यांना फोन करून सांगितलं.

कमलताईंनी तेवढा एकच प्रश्न विचारला. "बाई, आमच्यात दीक्षा घेतल्यापासून हे हळदीकुंकू बंद झालं, म्हणून मला त्यातलं कळत नाही. पण आपल्या सुनंदाला तिथं चालतं का?" मी लगेच म्हणाले, "ते मी बघते, तुम्ही काळजी करू नका." त्या म्हणाल्या, "मग इकडचं विश्रामगृहाचं मी बघते, तिकडचं तुमी." वहिनीनं कमलताईंना बोलावलं होतं का, हे मी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

आता विचार करते तेव्हा वाटतं, हा घोटाळा आमच्यासारख्यांच्या हातूनच व्हायचा. नवऱ्याच्या रोगानं विधवा झालेल्या बायकांचं म्हणणं ऐकवण्यासाठी आम्ही असा एकच समारंभ शोधून काढला, जिथे विधवांना उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. आणि मला ते माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आईनं वडील गेल्यानंतर बावीस संक्रांती स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन काढल्या. ते दार मी वर्षानुवर्षं बघत आले होते. तरीसुद्धा त्या दिवसापर्यंत मला ते दिसलं नव्हतं, किंवा दिसूनही त्या वेळी बघू असं मी स्वतःला सांगत होते.

त्या दिवशी साताऱ्यात बोचरा वारा होता. अजिंक्यताऱ्यावरून खाली उतरणारा तो वारा कान लाल करतो. सुनंदा दोनच्या एसटीनं आली, बरोबर तात्या. तिनं निळी साडी नेसली होती, नवी नव्हती पण इस्त्री केलेली, आणि हातात चार घड्या घातलेला कागद. दोन रात्री बसून लिहिलं होतं. "पाठ झालंय बाई," म्हणाली, "पण चुकलं तर असावं म्हणून कागद आणलाय." तात्या बाहेरच थांबले, बायकांच्यात आपलं काय काम म्हणत समोरच्या चहाच्या गाड्याशी जाऊन उभे राहिले.

वहिनीनं मला हात धरून स्वयंपाकघरात नेलं. वहिनी वाईट बाई नाही. अडल्यानडल्याला धावून जाणारी, आईचं सगळं तिनं केलं. पण ती पार गोंधळून गेली होती. "अगं, ही अशी मोकळ्या कपाळाची, आमदारबाईंच्या शेजारी कुठं बसवू? माझ्या बायका उठून जातील. आणि हिला ते... हिला चहा कुठल्या कपात देऊ?" मी तिला समजावू शकले असते. मी विज्ञान शिकवत होते. कपानं काही होत नाही, हे एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "बरं, मागच्या खोलीत बसवते. बाई आल्या की बोलवू."

सुनंदाला सांगितलं, "तू जरा आत बस. कुंकू लावून होऊ दे, मग तुला बोलावते. पाच मिनिटं." ती म्हणाली, "बरं बाई." वर्गातून खडू आणायला पाठवल्यावर म्हणायची, अगदी तसं.

आमदारबाई उशिरा आल्या, सव्वातीनला. दारात अत्तर, गुलाबपाणी, मग ओटी. खोलीभर बायका, काकडीसारखा गार वास, बांगड्यांचा आवाज. हळदीकुंकवाचं तबक माझ्या हातात होतं. बाई खुर्चीवर टेकल्या, तिळाची वडी हातात धरून म्हणाल्या, "मला वेळ कमी आहे, पण मी मुद्दाम आलेय. विश्रामगृहावर मला सगळे कागदच मिळाले. ज्यांच्यावर हे ओढवलंय अशी एखादी बाई आहे का इथे? मला तिच्या तोंडून ऐकायचंय. एक जरी बोलली तरी मी सभागृहात तिच्या वतीनं उभी राहीन." मागच्या खोलीचा पडदा माझ्यापासून चार पावलांवर होता. वहिनी माझ्याकडे बघत होती, नुसती मान हलवत होती, नको नको अशी.

मी म्हणाले, "नाही बाई. बोलावलं होतं, पण यायला तयार होत नाहीत. लाजतात."

हे वाक्य मी आजवर कुणाला जसंच्या तसं सांगितलं नव्हतं. आज लिहिलं. लिहिताना वाटलं होतं, हलकं वाटेल. वाटलं नाही.

बाई म्हणाल्या, मग तुम्ही सांगा, तुम्ही शिक्षिका आहात ना. मी सांगितलं. जनजागृती, संस्कार, महिलांचं आरोग्य, असे चांगले चांगले शब्द ओळीनं सांगितले. त्यांनी मध्येच विचारलं, "शाळेत हे शिकवावं असं तुमच्या संस्थेचं म्हणणं आहे. उद्या पुस्तकात आलं तर तुम्ही स्वतः शिकवाल?" बायका हसल्या. मीही हसले आणि म्हणाले, "आता वेळ आली तर बघायचं." बाई हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे भोगणाऱ्यांना बोलायची लाज आणि शिकवणाऱ्यांना शिकवायची. मग मी तिथे कुणाच्या जिवावर भांडू?" त्यांनी वाण घेतलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि गाडीत बसून गेल्या. पुढे अनेक वर्षं मी राजकारणी लोकांना काही पडलेलं नसतं असं सर्रास म्हणत आले. त्या बाईंना पडलेलं होतं. त्या ऐकायला आल्या होत्या.

मी मागच्या खोलीत गेले. सुनंदा ट्रंकेवर बसली होती. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती, तिनं तो घेतला नव्हता. पडद्याच्या अलीकडे आणि पलीकडे मिळून सहा-सात पावलांचं अंतर, तिनं शब्द न् शब्द ऐकला होता. मी काहीतरी बोलायला लागले, बाईंना घाई होती, वगैरे. ती उठली, कागद पिशवीत घातला आणि म्हणाली, "साडेचारची एसटी आहे बाई. तात्या ताटकळले असतील." पुढच्या दारात अजून बायका रेंगाळत होत्या. म्हणून मी तिला परसातल्या दारानं बाहेर काढलं. हेही मीच केलं, वहिनीनं नाही.

आम्ही घराला वळसा घालून रस्त्यावर आलो. तात्या गाड्याशी उभे होते, लगबगीनं पुढे आले. "झालं का पोरी बोलून? काय म्हनल्या आमदारबाई?" सुनंदानं माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "झालं तात्या. सगळं नीट झालं. आपल्या बाईंनी लय मदत केली." तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्यापुढे दोन्ही हात जोडले. "लय उपकार झालं बाई. आमच्या पोरीचं तेवढं एक ऐकून घेतलं कुनीतरी." मी त्यांचे हात खाली करायचा प्रयत्न केला. ते मला करता आले नाहीत, त्यांनी ते घट्ट जोडून धरले होते. माझ्या बोटांना अजून कुंकू होतं.

एसटीत परत येताना कऱ्हाडच्या पुढे दोन्ही बाजूंना तोडणी झालेल्या उसाचं पाचट जाळत होते. धूर खिडकीतून आत येत होता, सगळे डोळे चोळत होते. त्यामुळे माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

पावसाळ्यात समितीचं म्हणणं सरकारकडे गेलं. पैसा थोडा मंजूर झाला, तपासणीसाठी आणि हायवेवर पाट्या लावण्यासाठी. शाळेबद्दल सरकारी मराठीत काहीतरी होतं, स्थानिक महिला आणि शिक्षक यांच्यात संकोच आढळल्यानं तो विषय तूर्त बाजूला ठेवावा, अशा अर्थाचं. ते शिक्षक म्हणजे मी एकटी. कमलताईंनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. सुनंदानं त्यांना काही सांगितलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. विचारलं असतं तर मी कदाचित खरं बोलले असते. निदान रडले तरी असते.

दसऱ्याच्या आसपास सुनंदाला सिव्हिलमध्ये ठेवल्याचं कळलं म्हणून गेले. हाताच्या काड्या झाल्या होत्या. उशाशी तात्या मोसंब्याची साल काढत बसले होते. ते पाणी आणायला गेले तेव्हा मी म्हणाले, "सुनंदा, माझं चुकलं गं." ती छताकडे बघत म्हणाली, "चुकलं म्हणू नका बाई. चुकलं म्हटलं की दुरुस्त करायला लागतं." आणि मग, "आमच्या वैशीला तेवढं सांगा. आता दहावीत आहे." मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, सांगते. मला वाटतं, तिनं विश्वास ठेवला. दिवाळीच्या आत ती गेली.

त्यानंतरच्या माझ्या वागण्याला मी पुष्कळ कारणं दिली, स्वतःला. मुलीला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर तिच्या घरचे शाळेवर आले असते. मुख्याध्यापिकांनी कानउघाडणी केली असती. ह्यांची बँकेतली नोकरी, आमचं घराणं, लोक काय म्हणतील. सगळी कारणं खरी होती. पण सुनंदाच्या बाबतीत यातलं एकही कारण त्या रोगानं ऐकून घेतलं नव्हतं.

कमलताई मात्र खचल्या नव्हत्या. सरकारनं नाही म्हटलं तर शाळाशाळांत जाऊन विचारू, असं म्हणून त्यांनी फिरायला सुरुवात केली. आमच्या मुख्याध्यापिकांना भेटून, तास-तासभर बसून, त्यांनी दहावीच्या वर्गासाठी शुक्रवारचा एक तास मिळवला. संक्रांतीपासून पुढे, दर आठवड्याला. विज्ञानाच्या बाईंनीच घ्यावा असं ठरलं. तक्ते कमलताईंनी साताऱ्याहून पाठवले, गुंडाळी करून, वर रबर लावून. ज्या गोष्टीसाठी एक बाई वर्षानुवर्षं मंत्रालयाच्या बाकावर बसली, ती माझ्या काखेत आली होती.

पहिल्या शुक्रवारी मी तक्ता घेऊन वर्गात गेले. पन्नास मुली, तेल लावलेल्या वेण्या, संक्रांतीच्या नव्या बांगड्या. वैशाली दुसऱ्या बाकावर, पेन उघडून बसलेली. मी रबर काढलं. मग ते परत लावलं आणि म्हणाले, "आरशाची उदाहरणं राहिलीत, ती आधी करून घेऊ." दुसऱ्या शुक्रवारी भिंगाची केली. तिसऱ्या शुक्रवारी सराव परीक्षेच्या पेपरातल्या चुका सांगितल्या. मुख्याध्यापिका खूश होत्या, पोर्शन वेळेत झाला म्हणून. कमलताईंचं कार्ड आलं, तास कसे चाललेत विचारणारं. मी उत्तर लिहिलं की मुली उत्सुक आहेत. तेवढं तरी खरं होतं.

वैशाली आज कुठे असते, मला माहीत नाही. त्या मे महिन्यात तिचं लग्न झालं एवढं कानावर आलं. मुलगा हायवेवर ट्रान्सपोर्टमध्ये. पुढचं विचारायचं धाडस मी केलं नाही, आणि सांगलीसारख्या गावात एखाद्या माणसाबद्दल तीस वर्षं काही कळू न देणं याला किती मेहनत लागते, ते मला विचारा. लग्नाकार्यात तिच्या गावचं कुणी दिसलं तर मी पंगत बदलते.

ती माझ्याशी शेवटचं बोलली ते त्याच फेब्रुवारीत. चौथा शुक्रवार होता. मधली सुट्टी, मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलेले. ती दाराशी आली, आत येऊ का बाई, म्हणाली. दोन्ही हात पाठीमागे. बहिणीसारखेच डोळे, फक्त ही जरा बुजरी. "बाई, आक्का तात्यांजवळ सांगून गेलीय, तुम्ही मला काहीतरी सांगणार आहात म्हणून. महत्त्वाचं आहे म्हणाली." तिनं आवाज आणखी खाली आणला. "ते कधी सांगणार?"

स्टाफरूममध्ये मी एकटीच होते. दार लोटून घेतलं असतं तर वीस मिनिटं हातात होती.

"परीक्षा झाल्यावर," मी म्हणाले. "आधी अभ्यास कर."

"बरं बाई," म्हणून ती निघाली. बोर्डाची परीक्षा झाली की दहावीच्या मुली शाळेत येत नाहीत, हे मला माहीत होतं. दारातून वळताना ती क्षणभर थांबली, म्हणजे तिलाही ते माहीत होतं.